दोन लाख ऐंशी हजारांचं ॲप आणि सकाळी साडेआठचा पाऊस

पत्र

मी सत्तावीस वर्षांची आहे. बीएस्सी कॉम्प्युटर झाल्यावर तीन वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम केलं आणि आईच्या आजारपणात गावी परतले. जालना जिल्ह्यातलं आमचं गाव, तीनशेच्या आसपास उंबरे. सोयाबीन, कपाशी, बांधाला तूर. यंदा मी सरपंच झाले. शेतीत तंत्रज्ञान आणायचं ही माझी पहिल्यापासूनची इच्छा. गावाच्या नावाचं मोबाइल ॲप करून द्यायला एक जण तयार आहे, हवामान, बाजारभाव, पीकसल्ला, सगळं त्यात. कोटेशन सोबत जोडलं आहे : दोन लाख ऐंशी हजार, शिवाय दर वर्षी देखभाल वेगळी. वडील म्हणतात, पैसे पाण्यात जातील. सदस्यांमध्ये दोन तट पडलेत. काय करू?

उत्तर

सरपंचताई,

वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, पण पदाचा मान म्हणून अहो-जाहोच करतो.

ॲप करू नका. तेवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण वडिलांचं सगळंच बरोबर आहे असंही नाही. ॲपपुरते ते बरोबर आहेत, विषयापुरते नाहीत.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी नीट पाहिलं. पहिल्या पानावर सरपंचांचा फोटोसह संदेश, मग फोटो गॅलरी, मग हवामान, मग बाजारभाव. पीकसल्ला सहाव्या क्रमांकाला. हवामान हवामान खात्याकडूनच उचलणार आणि भाव पणन मंडळाकडून, म्हणजे जे आज तुमच्या फोनवर फुकट दिसतं तेच गावाच्या नावाच्या पाटीखाली दिसणार. यात गावाचं स्वतःचं काय, तर तुमचा फोटो.

मी कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी कपाशीच्या पट्ट्यात. एका बाजार समितीच्या आवारात टच स्क्रीनचं यंत्र बसवलेलं मी पाहिलंय. उद्घाटनाला नारळ फुटला, पेपरात फोटो आला. वर्षभराने गेलो तर त्यावर गोणपाट टाकलेलं होतं आणि मागच्या उबेला मांजरीने पिल्लं घातली होती. हमालाला विचारलं, बंद कधीपासून? म्हणाला, चालू कधी झालं होतं?

पण हसण्यावारी नेण्यासारखा हा विषय नाही, कारण मनापासून केलेल्या प्रयत्नांचंही असं झालेलं आहे. वारणेचं उदाहरण घ्या. १९९८ साली वारणानगरला केंद्र सरकारच्या मदतीने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडायची, पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना सगळं गावातल्या केंद्रावर मिळायचं, अशी कल्पना. मागे तालेवार सहकारी साखर कारखाना, म्हणजे पैशाची आणि माणसांची वानवा नव्हती. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर संगणक चालू होते, पण त्यावर चालायचा तो कारखान्याचा कारभार : उसाची नोंद, तोडणी, खताचा हिशेब, कोणाचा ऊस किती टन भरला. पीकसल्ल्यासाठी तिथं कोणी फारसं जात नव्हतं. पुढे सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने तोच हिशेब देऊन पाहिला, तर काम अडलं नाही, उलट लोकांना ते सोयीचं वाटलं.

मला यातून जे कळलं ते असं. माणूस यंत्राकडे ‘माझा ऊस किती, माझी पोती किती’ हे विचारायला जातो. ‘ऊस कसा लावावा’ हे विचारायला तो शेजाऱ्याच्या बांधावर जातो. तुमच्या कोटेशनमध्ये दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं खच्चून भरलीत आणि पहिल्याचं एकही नाही.

बाजारभावाचं तर आणखी वेगळं आहे. २००७ च्या सुमारास महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा निघाली होती. पैसे भरले की मराठीत एसएमएस यायचे, तुमच्या पिकाचे भाव, हवामान, पिकाबद्दल सूचना. आमच्या ओळखीचे बरेच जण घेत होते. दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या १०० गावांत तिची रीतसर चाचणी केली, काहींना सेवा दिली, काहींना नाही, आणि २०१२ मध्ये निकाल छापला. सेवा घेणाऱ्यांना सरासरीने जास्त भाव मिळाला असं काही दिसलं नाही. पावसाने होणारं नुकसानही ठळकपणे कमी झालं नाही.

आता हे केरळशी ताडून पाहा. तिथं १९९७ नंतर किनाऱ्यावर मोबाइल आला आणि तारलीच्या मच्छीमारांचं चित्र पालटलं. कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते समुद्रातूनच विचारता येऊ लागलं. आधी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागायची आणि पंधरा किलोमीटरवर गिऱ्हाईक मासळीवाचून परत जायचं. ते जवळपास थांबलं.

फोन तोच. मग आपल्याकडे का नाही झालं? माझं उत्तर साधं आहे : होडी वळवता येते. आपला टेम्पो वळत नाही. सोयाबीन घरात आलं तेव्हा आडत्याची उचल आधीच डोक्यावर असते, बियाण्याची उधारी त्याच्याच दुकानात, दिवाळी तोंडावर, आणि माल ठेवायला कोरडी जागा नाही. अशा माणसाला लातूरला क्विंटलमागे दीडशे रुपये जास्त आहेत हे कळून काय उपयोग? त्याच्या जिवाला चुटपुट तेवढी जास्त.

म्हणून भावाची माहिती द्यायची असेल तर तिच्याबरोबर थांबायची सोय द्या. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. तुमच्या तालुक्याची समिती ती राबवते का, गोदामात जागा कधी असते, कागद कोणते लागतात, हे एकदा सचिवांना भेटून विचारून या आणि दसऱ्याच्या आधी गावाला सांगा. समिती राबवत नसेल तर ‘का नाही’ हे सरपंच म्हणून लेखी विचारा. याला काही तंत्रज्ञान म्हणणार नाहीत. पण हे झालं तरच फोनवरचा भाव कामाचा.

आता गावात फोनने काय करता येईल ते सांगतो. सगळ्यात आधी वही घेऊन घरोघर जा. स्मार्टफोन किती घरांत आहे हे विचारू नका, ते सगळे ‘आहे’ म्हणतील. विचारा, दुपारी अकरा वाजता तो कोणाच्या खिशात असतो? माझा अनुभव असा की तो कॉलेजच्या पोराच्या खिशात तालुक्याला गेलेला असतो. निंदायला, वेचायला, खत टाकायला शेतात असते ती बाई, आणि तिच्याकडे बटणाचा फोन, तोही रिचार्ज संपलेला. कपाशीवर बोंडअळीची पहिली डोमकळी, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेलं फूल, वेचणाऱ्या बाईला दिसते. ती संध्याकाळी नवऱ्याला सांगते, तो ‘बघू’ म्हणतो. तुमच्या ॲपला या बाईचा पत्ताच लागणार नाही. बचत गटाच्या बैठकीला लागेल. तुम्ही बाई आहात, पुण्याहून आलेल्या आहात, तुमच्याशी त्या बोलतील. माझ्याशी एकतीस वर्षांत पाच-सहाच मोकळेपणी बोलल्या असतील.

व्हॉट्सॲपचा गट गावात असेलच, किंबहुना चार असतील. त्यात सकाळी गुलाब, दुपारी राजकारण आणि मध्येच कुठेतरी कामाचा निरोप. तुम्ही शेतीपुरता वेगळा गट काढा, ज्यात फक्त दोघा-तिघांनाच लिहिता येईल. आणि एक नियम कडक पाळा : तारीख आणि कुठून कळलं हे लिहिल्याशिवाय निरोप टाकायचा नाही. हे का, तर एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, पण ‘फक्त १ रुपया, आजच अर्ज करा’ हा निरोप त्यानंतरही कित्येक दिवस फिरत होता. माझ्याच पुतण्याने मला पाठवला. निरोपाला तारीख नसली की तो मरत नाही, भुतासारखा फिरत राहतो.

लिहिण्यापेक्षा बोला. तुमच्या आवाजात पाऊण मिनिटाची ध्वनिफीत, गावच्या बोलीत. आमच्या खात्याचे सल्ले ‘दहा लिटर पाण्यात वीस मिली’ असे जायचे. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी मला बांधावर अडवलं. हातात औषधाची बाटली, पाठीवर पंप. म्हणाले, “सायेब, ह्ये वीस मिली म्हंजी किती टोपणं?” मी टोपण हातात घेतलं, त्यावर काही खूण नव्हती. आणि पाठीवरचा पंप सोळा लिटरचा. म्हणजे बाबांना सोळाला बत्तीस मिली मोजायचं होतं, आणि त्यांच्याकडे होतं एक बिनखुणेचं टोपण. त्या दिवशी घरून खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो प्लॅस्टिकचा छोटा पेला आणून दिला. सल्ला शास्त्रशुद्ध होता, पण शेवटच्या हातापर्यंत पोचताना तो अडला तो टोपणापाशी. तुम्ही निरोप द्याल तेव्हा आपल्या गावात पंप किती लिटरचे आहेत ते पाहून, हिशेब करून सांगा. आणि खुणेचे पेले वाटा. पुण्यातल्या कुठल्या ॲपला ही गोष्ट सुचणार नाही. (फवारणीच्या पेल्यात पुन्हा खोकल्याचं औषध घ्यायचं नाही, हे मात्र दहादा बजावून सांगा.)

आणि भोंगा विसरू नका. पुदुच्चेरीजवळ वीरमपट्टिनम नावाचं कोळ्यांचं गाव आहे. स्वामिनाथन फाउंडेशनने १९९८ पासून त्या भागात गावोगावी माहिती केंद्रं काढली, त्यातलं हे एक. केंद्रातल्या मुली अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून समुद्राच्या लाटांचा अंदाज उतरवून घ्यायच्या आणि तमिळमध्ये भोंग्यावरून सांगायच्या. कोळ्याला ना संगणक लागला ना इंग्रजी. समुद्रात जायच्या आधी कानावर पडलं, बस. इंटरनेट एकाने पाहायचं आणि गावाने ऐकायचं. मारुतीच्या देवळावर तुमच्याकडे भोंगा आहे, काकडआरतीला वाजतो. पेरणीच्या महिन्यात तो दोन मिनिटं मागून घ्यायला कोणी नाही म्हणणार नाही.

भोंग्यावरून सांगायचं काय, तर आधी पाऊस. इथे जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते तुमच्या गावाची खरी अडचण इथं आहे.

शासनाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक एक अशी आहेत. एका मंडळात दहा-वीस गावं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, पण तो पडला पाहिजे यंत्रावर. तुमच्या शिवारात ढगफुटी झाली आणि आठ किलोमीटरवरच्या यंत्रावर बारा मिलिमीटर नोंद झाली, तर कागदावर रिमझिम. उलटंही होतं : यंत्रावर शंभर झाला, बातमी आली, तुमच्या गावाने पेरणी केली आणि तुमच्याकडे पडला होता तीस. दुबार पेरणीचे निम्मे गुन्हेगार हे ऐकीव आकडे असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं आम्ही दर वर्षी कोकलून सांगतो. पण कोणाच्या शिवारात किती झाला हे त्या शिवाराला माहीतच नसतं. ‘चांगला झाला’, ‘ओल गेली वीतभर’, यावर पेरणी होते.

साधा पर्जन्यमापक काही शे रुपयांत येतो. गावाच्या चार दिशांना चार बसवा. सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा आणि शाळेची पट्टी यावरही सुरुवात करता येते. पण झाडाखाली, पत्र्याच्या पागोळ्याजवळ किंवा गोठ्याच्या आडोशाला नको. मोकळ्यावर, आणि जवळच्या आडोशाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडून. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, हवामान खात्याची वेळ तीच, म्हणजे आकडे ताडून पाहता येतात. वाचला की ओतून रिकामा करायचा, हे विसरल्यामुळे एका शाळेने चार दिवसांत तिप्पट पाऊस पाडला होता. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, भोंग्यावर आणि गटात. सोबत बेरीजही : मृगापासून आजवर किती. एक मिलिमीटर म्हणजे एकराला सुमारे चार हजार लिटर पाणी, हे एकदा समजावलंत की लोक त्या आकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. हिवरे बाजारने वर्षानुवर्षं पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून, गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय घ्यायचं ते ठरवलं. त्यामागे कुठलं महागडं यंत्र नव्हतं.

तुमच्या नोंदीवर सरकार नुकसानभरपाई देईल असं मात्र कोणाला सांगू नका, ती मंडळाच्याच आकड्यावर ठरते. पण तीन-चार वर्षांची सलग, तारीखवार, सह्यांची वही हातात असली की तहसीलदारांसमोर बोलताना आवाज वेगळा लागतो.

‘मेघदूत’ आणि ‘दामिनी’ ही दोन सरकारी ॲपं तुमच्या फोनवर असू द्या. मेघदूतवर जिल्ह्याचा पीकसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सांगतं. आपल्या मराठवाड्यात मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये झाडाखाली थांबलेली माणसं आणि बांधलेली जनावरं विजेने जातात. दामिनी वाजलं की भोंगा वाजला पाहिजे, मग आरती चालू असली तरी.

ई-पीक पाहणीचं काम तुमच्यासारखीनेच हातात घ्यावं असं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो सरकारी ॲपवर टाकायचा असतो. नाही टाकला तर सातबाऱ्यावर पीक कोरं. २०२३ साली कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं तेव्हा सातबाऱ्यावर कांदाच नसलेल्यांची काय पळापळ झाली ती मी पाहिलीय. यात मागे राहतात त्या एकट्या राहणाऱ्या विधवा, म्हातारे, आणि ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत ते. एका फोनवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद होते, आणि शेतात रेंज नसेल तर फोटो काढून रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. तुम्ही सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलेलं आहे, कुठं अडकतं हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? ऑगस्ट लागला की कॉलेजची आठ पोरं घ्या, गावाचे आठ भाग करा, यादी करा, ज्याची झाली त्याच्या नावापुढे टिक. ‘माझी नोंद झाली का’ हा आहे बघा वारणेतल्यासारखा प्रश्न.

पानाचा फोटो टाकला की रोग सांगणारी ॲपं आता बरीच आलीत. वापरा, पण पंचायतीच्या नावाने त्यांचा सल्ला पुढे पाठवू नका. कपाशीची पानं लाल पडली की फोटोवरून रोगाचं नाव येतं आणि माणूस बुरशीनाशकाच्या दुकानात जातो. लाल्या हा बहुतेक वेळा रोग नसतोच, अन्नद्रव्यांची कमतरता आणि थंड रात्री यांचा तो परिणाम असतो. शंका असेल तेव्हा किसान कॉल सेंटरला फोन करा, १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात. आणि तुमच्या कृषी सहायकाला. त्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, गावं मात्र तेवढीच आहेत अंगावर. महिन्यातून एक वार ठरवून त्यांना गावात बसवा. ज्याने सल्ला दिला तो पुढच्या बुधवारी पारावर सापडतो एवढं लोकांना कळलं की ते सल्ला ऐकतात. सापडणार नाही त्याचा कोणी ऐकत नाही, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पैशाचं म्हणाल तर चार पर्जन्यमापक, एक मोठा फळा, दोनशे पेले आणि भोंग्याची दुरुस्ती, एवढ्याला दोन लाख ऐंशी हजार लागत नाहीत. कोटेशनवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. सदस्यांपैकी जो ॲपच्या बाजूने सगळ्यात जास्त भांडला त्याच्याकडे ई-पीक पाहणीची यादी सोपवा, त्याला हौस आहे, ती वाया घालवू नका.

आणि घराजवळचा पर्जन्यमापक वाचायचं काम वडिलांना द्या. पहाटे उठणारे असतील, साडेआठपर्यंत त्यांचा चहा झालेला असेल. पहिले चार दिवस कुरकुरतील. पाचव्या दिवशी पारावर कोणीतरी ‘काल लई झाला’ म्हणेल, आणि ते म्हणतील, “लई नाही. अठरा.”